पाठवायचंय, दाखवायचंय की जपायचंय? फुकटात फाइल आणि फोटो ठेवण्याच्या जागा कशा निवडाव्यात

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं होतं. माजी विद्यार्थ्यांना जुने फोटो पाठवा म्हटलं, तर आठवड्याभरात तीनशेच्या वर फोटो जमले, जवळजवळ सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रेसमध्ये मांडणी करणाऱ्या दादांनी १९७८च्या दहावीच्या तुकडीचा फोटो पडद्यावर मोठा केला. मागच्या रांगेतल्या मुलींच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते करडे ठिपके दिसायला लागले. दादा म्हणाले, "ताई, हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय ना? मूळ फोटो मागवा. हा पानभर नाही जायचा."

त्यामागचा हिशेब सोपा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो त्या १६०० बारीक ठिपक्यांवर, आणली जाते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे तो फोटो जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो. वर तो दाबून लहान केलेला असतो, त्यात आधी बळी जातो तो बारीक तपशिलाचा. पन्नास जणांच्या फोटोत बारीक तपशील म्हणजे माणसांचे चेहरेच.

मूळ फोटो मागवायला बसले आणि लक्षात आलं, की 'कुठे तरी अपलोड करून लिंक पाठवा' एवढं सांगून भागत नाही. कुणी अशी लिंक पाठवली जी चार दिवसांनी उघडेना, कुणी परवानगी द्यायला विसरलं, कुणाचं खातंच भरलेलं. तेव्हापासून जे शिकले ते नवख्या माणसासाठी क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: फाइलचं काय करायचंय ते ठरवा

फाइल पाठवणं, दाखवणं आणि जपणं ही तीन वेगळी कामं आहेत. पाठवलेली फाइल समोरच्याने उतरवून घेतली की आपलं काम संपलं. दाखवायचा फोटो एखाद्या लेखात, विक्रीच्या पानावर दिसत राहायला हवा. जपायची फाइल दहा वर्षांनीही हाती लागली पाहिजे. एका कामासाठी बनवलेली सेवा दुसऱ्यासाठी वापरली की घोळ होतो. मला आलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी याच जातीच्या होत्या.

सोबत फाइलचा आकारही बघून ठेवा. संगणकावर फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', फोनवर फोटो उघडून 'डिटेल्स'. फोनने काढलेला फोटो बहुधा ३ ते ५ एमबीचा असतो. मिनिटभराचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ सहज १०० एमबीच्या घरात जातो.

दुसरी पायरी: नुसतं पाठवायचं असेल तर

जीमेलला २५ एमबीपर्यंतची फाइल जोडता येते. चारपाच फोटोंसाठी तेवढं पुरे. त्यापुढे गेलं की जीमेल आपणहून ती फाइल गूगल ड्राइव्हवर (गूगलच्या फाइल ठेवण्याच्या जागेवर) टाकतं आणि लिंक पाठवतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ दर्जाचा फोटो पाठवता येतो, फक्त तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो. जोडण्याच्या खुणेवर बोट ठेवा, 'गॅलरी' न निवडता 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो घ्या. अशी फाइल दाबली जात नाही, नावही तेच राहतं. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते. आमच्या माजी विद्यार्थ्यांत सत्तरी ओलांडलेली मंडळी बरीच होती. त्यांना कुठलंही नवं संकेतस्थळ शिकवण्यापेक्षा ही एक गोष्ट फोनवरून समजावून सांगणं सोपं गेलं. टेलिग्रामवरही २ जीबीपर्यंतची फाइल मूळ रूपात जाते.

मोठं गाठोडं असेल तर वीट्रान्सफर. ही अ‍ॅम्स्टरडॅमची सेवा २००९ साली सुरू झाली आणि जगभरातले छपाईवाले, छायाचित्रकार ती वापरतात. पूर्वी फुकटात एका वेळी २ जीबी पाठवता यायचं आणि लिंक सात दिवस चालायची. आता ३० दिवसांत मिळून ३ जीबी, आणि लिंक फक्त तीन दिवस. हे तीन दिवस कायम लक्षात ठेवा. मला आलेली 'चार दिवसांनी न उघडणारी' लिंक अशाच जातीच्या सेवेवरची होती. पाठवणाऱ्याला वाटत होतं आपण फोटो 'ठेवले' आहेत, खरं तर त्याने ते फक्त रवाना केले होते. मे २०२० मध्ये भारतात दूरसंचार विभागाच्या आदेशावरून ही सेवा बंद केली गेली होती, आणि ऐन टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या कित्येकांची पंचाईत झाली. तेव्हा ऐन मुदतीच्या दिवशी एकाच सेवेवर भिस्त ठेवू नका.

माणूस त्याच गावात असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन जा. हा सल्ला जुनाट वाटेल, पण ६० जीबीच्या व्हिडिओसाठी आजही तोच सगळ्यात जलद मार्ग आहे.

तिसरी पायरी: फोटो दाखवायचा असेल तर

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सावकाश.

चित्र ठेवणाऱ्या सेवेवर फोटो चढवला की ती तुम्हाला एक नाही, तीनचार लिंक देते. पहिली पानाची लिंक. ती उघडली की त्या सेवेचं पान दिसतं, त्यात तुमचा फोटो, आजूबाजूला जाहिराती. दुसरी थेट लिंक. तिच्या शेवटी 'डॉट जेपीजी' किंवा 'डॉट पीएनजी' असतं आणि ती उघडली की फक्त फोटो दिसतो, बाकी काही नाही. आपल्या लेखात फोटो उमटवायचा असेल तर हीच लागते. तिसरी म्हणजे लेखात चिकटवायचा तयार कोड. लेखात फोटोऐवजी नुसती निळी ओळ दिसत असेल, तर बहुतेक वेळा थेट लिंकच्या जागी पानाची लिंक टाकलेली असते.

फुकट सेवांमध्ये इम्गर, पोस्टइमेजेस आणि इमेजबीबी ही नावं वारंवार समोर येतात. पोस्टइमेजेसवर खातं न उघडता फोटो चढवता येतो आणि वरच्या सगळ्या लिंक एकाच पानावर मिळतात, म्हणून नवख्यांना मी तिथून सुरुवात करायला सांगते. इमेजबीबीवर फोटो ठरावीक मुदतीने आपोआप पुसण्याची सोय आहे. घर भाड्याने देताना खोल्यांचे फोटो दाखवायचेत, महिन्याभराने ते तिथे नकोत, अशा कामाला ती उत्तम. इम्गर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं. ते आता चित्र ठेवण्यापेक्षा लोकांनी जमून चित्रं बघण्याचं ठिकाण जास्त झालं आहे.

खातं न उघडता फोटो चढवला तर आणखी एक लिंक मिळते, पुसण्याची. ती तिथल्या तिथे वहीत किंवा स्वतःला केलेल्या मेलमध्ये उतरवून ठेवा. ती हरवली तर तो फोटो तुमचा आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही उरत नाही.

आता या सेवांचं दुखणं. तुमच्या लेखात फोटो उमटतो तेव्हा तो दर वेळी त्या कंपनीच्या संगणकावरून येतो. खर्च त्यांचा, पण वाचक त्यांच्या पानावर जातच नाही, म्हणजे जाहिरातही बघत नाही. फुकट सेवा या गणितावर फार काळ तग धरत नाही. फोटोबकेट २००३ पासून लाखो लोक वापरत होते. २०१७ च्या मध्यात कंपनीने अचानक ठरवलं, की दुसऱ्या पानांवर फोटो दिसायला हवे असतील तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर भरा. एका रात्रीत जगभरातल्या पानांवर फोटोंच्या जागी पैसे भरण्याची सूचना झळकली. पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली, पण तोवर लोक निघून गेले होते. टायनीपिक २०१९ मध्ये बंदच पडलं. इम्गरने मे २०२३ पासून खात्याशिवाय चढवलेली, फारशी कुणी न पाहिलेली जुनी चित्रं पुसायला सुरुवात केली.

मराठीतले पंधरा वर्षांपूर्वीचे भटकंतीचे लेख उघडून बघा. मजकूर जागेवर असतो, 'खालच्या फोटोत दिसतोय तो चोरदरवाजा' असं वाक्यही असतं, आणि खाली तुटक्या चित्राची छोटीशी खूण. हरिश्चंद्रगडावरचे माझे स्वतःचे चाळीसेक फोटो असेच गेले. ज्या सेवेवर ठेवले होते तिने मुदतीची सूचना मी वापरत नसलेल्या जुन्या मेलवर पाठवली होती. मूळ फोटो संगणकावरून मी केव्हाच काढून टाकले होते, कारण 'वर आहेतच की'.

म्हणून तिसऱ्या पायरीवरचा नियम असा, की चित्र ठेवणाऱ्या सेवेवर जाईल ती प्रत, मूळ फोटो कधीच नाही. आणि लेख जिथे लिहिताय तिथेच फोटो चढवायची सोय असेल तर आधी ती वापरा, म्हणजे मजकूर आणि चित्र एका घरात राहतात. गूगल ड्राइव्हवरच्या फोटोची लिंक लेखात चित्र म्हणून चिकटवू नका. ड्राइव्ह त्या कामासाठी बनवलेलं नाही, आज दिसलं तरी उद्या दिसेलच असं नाही.

चौथी पायरी: जपायचं असेल तर

इथे लोक फक्त जीबी मोजतात. जीबी मोजावेतच, पण ते कशाकशात वाटले जातात हेही बघावं.

गूगल १५ जीबी देतं, पण त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि गूगल फोटोज तिन्ही आले. ४ एमबीच्या फोटोंनी ते भरलं तर पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतील, पण दहा वर्षांच्या मेलनी त्यातली बरीच जागा आधीच खाल्लेली असते. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजवर थोडे लहान केलेले फोटो अमर्याद ठेवता यायचे. ते दिवस गेले हे अजून अनेकांना माहीत नाही, आणि खातं भरून मेल येणं थांबलं की मगच धावपळ होते.

मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी, अ‍ॅपलचं आयक्लाउड तेवढंच. ड्रॉपबॉक्स फक्त २ जीबी आणि तेही तीन उपकरणांवर, पण संगणकावरचं फोल्डर आणि वरचं फोल्डर एकसारखं ठेवण्यात ते मला फार भरवशाचं वाटतं. लिहिण्याचं काम करणाऱ्याला २ जीबी आयुष्यभर पुरतील. बॉक्स १० जीबी देतं, पण एक फाइल २५० एमबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणजे व्हिडिओवाल्यांच्या कामाचं नाही. मीडियाफायरही १० जीबी देतं. तिथे फाइल उतरवणाऱ्याला जाहिराती सोसाव्या लागतात.

मेगा २० जीबी देतं, आकड्यात या सगळ्यांच्या पुढे. तिथे फाइल तुमच्याच उपकरणावर कुलूपबंद होऊन वर जाते, त्यामुळे कंपनीलाही आतलं दिसत नाही. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. किल्ली तुमच्या पासवर्डमध्ये असते. पासवर्ड विसरलात आणि खातं उघडताना दिलेली 'रिकव्हरी की', म्हणजे पर्यायी किल्ली, तीही हरवलीत, तर त्या फाइली तुम्हाला कुणीही उघडून देऊ शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. खातं काढल्याबरोबर ती किल्ली कागदावर उतरवा आणि घराची कागदपत्रं असतात त्या कपाटात ठेवा.

जागा मोठी म्हणजे जागा पक्की असं नाही. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही त्या काळची प्रचंड मोठी सेवा चोरीच्या चित्रपटांच्या आरोपावरून एका दिवसात बंद केली. तिथे लोकांचे स्वतःचे फोटो, कामाच्या फाइलीही होत्या, त्या अडकल्या त्या अडकल्याच. रॅपिडशेअर २०१५ मध्ये संपलं, झिपीशेअर २०२३ मध्ये. झिपीशेअरने निदान आधी सांगितलं, आणि ज्यांच्याकडे प्रत नव्हती त्यांनी घाईघाईने उतरवून घेतली.

गूगलबद्दल आणखी एक गोष्ट घरात बसून बोलण्यासारखी आहे. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते वैयक्तिक खातं पुसू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला. ज्या घरात आईवडील गेले आणि त्यांच्या फोनमधले सगळे फोटो त्यांच्या खात्यात राहिले, तिथे हे नकळत घडतं. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खातं तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने बंद राहिलं तर त्यातलं काय कुणाला मिळावं, हे आधीच लिहून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढायला लोक कचरतात, हे मात्र पाच मिनिटांत होतं. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातून करून घ्या.

पाचवी पायरी: परवानगी देणं आणि तपासणं

ड्राइव्हवर फोल्डर केलं, लिंक पाठवली, आणि समोरच्याला 'परवानगी मागा' असं पान दिसलं. हे टाळायला 'शेअर' मध्ये जाऊन 'रिस्ट्रिक्टेड' च्या जागी 'एनीवन विथ द लिंक' करावं लागतं. त्याच्या बाजूला 'व्ह्यूअर' की 'एडिटर' हे निवडायचं असतं. नुसतं बघायचं असेल तर 'व्ह्यूअर'.

लोकांकडून फोटो गोळा करायचे तर 'एडिटर' करावं लागतं, आणि तिथे मी फसले. सगळ्यांना तो हक्क दिला. एका उत्साही माजी विद्यार्थ्याने फोल्डर 'नीटनेटकं' करताना दुसऱ्यांचे फोटो हलवले. दुसऱ्या एकाने आपली जागा भरल्यावर आपल्या खात्यातून फोटो पुसले आणि ते आमच्या फोल्डरमधूनही नाहीसे झाले. कारण वैयक्तिक ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमध्ये जो फाइल चढवतो ती त्याच्याच मालकीची राहते, जागाही त्याचीच खाते. तेव्हा असं फोल्डर चालू असेपर्यंत रोज रात्री नवे फोटो आपल्या संगणकावर उतरवून घ्या, आणि मुदत संपली की सगळ्यांचा हक्क 'व्ह्यूअर' वर आणा.

लिंक पाठवण्याआधी ब्राउझरची 'इनकॉग्निटो' खिडकी उघडा आणि लिंक तिथे टाका. त्या खिडकीत तुम्ही तुमच्या खात्याने आत गेलेले नसता, त्यामुळे परक्या माणसाला जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. हे एक पाऊल पाळलंत तर 'उघडत नाहीये हो' हा फोन येणार नाही.

सहावी पायरी: काय ठेवू नये

'लिंक असलेल्या कुणालाही' म्हणजे खरोखरच कुणालाही. लिंक पुढे पाठवली जाते. आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो चित्र ठेवणाऱ्या सेवांवर कधीच नकोत. सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर आहे. तिथे संबंधित कार्यालयाने थेट दिलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आधार कुणाला पाठवावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दाखवणारी 'मास्क्ड' प्रत उतरवून घ्या.

फोनच्या फोटोत तारखेबरोबर तो कुठे काढला ती जागाही नोंदलेली असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात किंवा ड्राइव्हवर ठेवलात तर तशीच राहते. घरातल्या मुलांचे फोटो अनोळखी लोकांना दिसतील अशा जागी ठेवायचे असतील, तर आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून 'लोकेशन' बंद करा. जुन्या फोटोतली नोंद मात्र वेगळी काढावी लागते, तिचा सोपा उपाय म्हणजे त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरणं.

फाइल उतरवून घेतानाही सावध राहा. जाहिरातींवर चालणाऱ्या पानांवर 'डाउनलोड' लिहिलेली दोनतीन बटणं असतात, त्यातली काही जाहिराती असतात. खऱ्या बटणाजवळ बहुधा फाइलचं नाव आणि आकार लिहिलेला असतो. फोटो मागितला असताना 'डॉट ईएक्सई' किंवा 'डॉट एपीके' (संगणकावर किंवा फोनवर प्रोग्रॅम बसवणारी फाइल) उतरली तर ती उघडू नका, पुसून टाका. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. पत्रिका पीडीएफ असते किंवा चित्र असतं.

सातवी पायरी: सगळ्यांसाठी असेल तर

गावातल्या मंदिराचे, गडाचे, जत्रेचे तुम्ही स्वतः काढलेले चांगले फोटो असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर द्या. २००४ पासून चालू असलेली ही ना-नफा जागा आहे, जाहिरात नाही, फोटो मूळ दर्जात राहतो आणि मराठी विकिपीडियाच्या लेखात वापरता येतो. अट एवढीच, की कुणीही नाव देऊन तो वापरू शकेल असा परवाना द्यावा लागतो आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. घरगुती फोटो तिथे चालत नाहीत. दुसऱ्याने काढलेला जुना फोटो देताना हक्काचा विचार करा. आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावर साठ वर्षं हक्क असतो, आणि शाळेच्या फोटोवर तो कधी कधी स्टुडिओवाल्याचा असतो. जुनी स्मरणिका, हस्तलिखित अंक असं काही संस्थेच्या मालकीचं असेल तर इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात पीडीएफ ठेवता येते, लोक ती तिथेच पानं उलटत वाचू शकतात.

आठवी पायरी: घरची प्रत

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझ्याकडे एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक ड्राइव्हवर. फुकट सेवा ही यातली तिसरी प्रत. ती पहिली आणि एकुलती एक झाली की हरिश्चंद्रगडाचं होतं.

फाइलींना 'आयएमजी ४५२१' अशी नावं ठेवू नका. वर्ष आधी, मग विषय, मग क्रमांक, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. देवनागरीत नाव दिलं तरी चालतं, पण झिप करून जुन्या संगणकावर उघडलं की कधी कधी अक्षरांचा खिचडा होतो, म्हणून छपाईला द्यायच्या फाइलींना मी रोमन अक्षरांतच नावं देते.

गूगलमधून सगळं एकगठ्ठा बाहेर काढायला 'टेकआउट' आहे. काय हवं ते टिचक्या मारून निवडायचं, ते मेलवर लिंक पाठवतात, तीही काही दिवसच चालते. मी दर दिवाळीच्या सुट्टीत हे करते. मग हार्ड डिस्क जोडून कुठलेही पाचसहा फोटो खरोखर उघडून बघते. त्यात १९७८ चा तो फोटो असतोच. ज्या बाईंकडे त्याची मूळ प्रत होती त्यांच्या नातवाने तो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. मागच्या रांगेतली, डावीकडून चौथी मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता शेजारणीशी बोलते आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं.